भ्रमणध्वनी आणि ग्रामविकास : निरोपामागे माणूस हवा

शेतीविषयक नवी माहिती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे विस्तारकार्याचे पहिले कर्तव्य होय. त्यासाठी दवंडी, भित्तिपत्रक, पुस्तिका, आकाशवाणी, चित्रपट, शेतावरील प्रात्यक्षिक अशी नानाविध साधने आजवर वापरण्यात आली. परंतु भ्रमणध्वनीने, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या मोबाइलने, थोड्या काळात खेड्यापाड्यांत जेवढा शिरकाव केला तेवढा यांपैकी कोणत्याही साधनाला करता आला नाही. भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली या शहरांच्या दरम्यान झाले. त्या काळी हे यंत्र धनिकांच्या चैनीची वस्तू होते. बोलणाऱ्याप्रमाणे ऐकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. २००३ साली ऐकणाऱ्यावरील आकार गेला, २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि आज वसईच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणारी बाईसुद्धा गिऱ्हाइकाचे पैसे फोनवर घेते.

या बदलाविषयी दोन प्रकारची मते कानी येतात. मोबाइल आला की दलाल जातील, अज्ञान जाईल, आणि गरीब देश एका उडीत पुढे जातील, असे काही जण म्हणतात. मोबाइलने तरुण पिढी बिघडली, गावची बैठक मोडली आणि जिकडे तिकडे अफवा माजल्या, असे दुसरे म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही मते यंत्राकडे पाहून बनविलेली आहेत, यंत्राभोवतीच्या माणसांकडे पाहून नव्हे. मोबाइल निरोप आणतो. त्या निरोपाचे हित होणार की अहित, हे तो ऐकणाऱ्यापाशी दुसरा मार्ग आहे की नाही, आणि तो निरोप चार माणसांत बसून पारखला जातो की नाही, यांवर ठरते. हे मत कशाच्या आधारे बनले ते पुढे मांडले आहे.

भावाची बातमी आणि प्रत्यक्ष भाव

मोबाइलने गरिबाचे कल्याण केल्याचे जे उदाहरण जगभर सांगितले जाते ते आपल्याच देशातील आहे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा सुरू झाली. तेथील कोळी मुख्यतः तारली पकडतात. फोन येण्यापूर्वी प्रत्येक नाव आपल्या नेहमीच्याच बंदरी लागे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका दिवसाची नोंद आहे. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा येथील किनाऱ्यावर अकरा कोळ्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतील इतर किनाऱ्यांवर सत्तावीस खरेदीदार मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाती परत जाण्याच्या बेतात होते. फोन आल्यावर नाखवा समुद्रातूनच दोन-तीन बंदरांचा भाव विचारू लागला आणि जेथे मागणी असेल तेथे नाव वळवू लागला. मासळी फेकून देणे थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यास पडणारा दर सुमारे ४ टक्क्यांनी उतरला.

आता महाराष्ट्रातील उदाहरण पाहावे. २००७ साली ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची सेवा आपल्या राज्यात सुरू झाली. बाजारभाव, हवामान व पीकसल्ला यांचे संदेश ती शेतकऱ्याच्या फोनवर पाठवी. मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रातील १०० गावांत तिची परीक्षा घेतली. काही शेतकऱ्यांना वर्षभर सेवा विनामूल्य दिली, काहींना दिली नाही, आणि दोहोंना मिळालेल्या भावांची तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, संदेश मिळणाऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाला असे दिसून आले नाही. विक्रीची जागा बदलणे आणि मालाची प्रतवारी करणे यांत थोडाफार फरक पडला, परंतु तो अल्प होता.

एकाच देशात, जवळजवळ एकाच काळात, एकाच साधनाची फळे इतकी भिन्न का यावीत? याचे कारण माझ्या मते असे की, केरळच्या नाखव्याच्या हाती सुकाणू होते. भाव कळताच तो नाव वळवू शकत होता. आपल्या शेतकऱ्यास मात्र भाव कळला तरी गाडी नसते, साठवणुकीची सोय नसते, आणि अनेकदा ज्या अडत्याकडे माल न्यावयाचा त्याचीच उचल डोक्यावर असते. ज्यास दुसऱ्या बाजारी जाताच येत नाही त्याला तेथील चढा भाव कळविला तर त्याच्या हळहळीत भर पडते, उत्पन्नात नाही.

वसईच्या शेतकऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. निर्मळ, भुईगाव, आगाशी, नंदाखाल या पश्चिम पट्ट्यातील बागायतदाराचे भाग्य असे की, त्याच्या दाराशी रेल्वे आहे. मोगरा, सोनचाफा, तगर यांच्या टोपल्या पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात पोहोचतात. परंतु मोगऱ्याची कळी एकदा खुडली की थांबत नाही. खुडल्यानंतर दादरचा भाव पडल्याचे कळून काही उपयोग नाही. तो आदल्या संध्याकाळी कळला पाहिजे, आणि तो कळविणारा मनुष्य दादरला आपला असला पाहिजे. केळीचा घड चार दिवस झाडावर थोपविता येतो, खुडलेली विड्याची पानेही नीट ओलसर ठेवली तर काही दिवस टिकतात. म्हणून भावाच्या बातमीचा उपयोग फुलांपेक्षा केळी व पाने यांच्या बाबतीत अधिक होईल. ज्या पिकास थांबण्याची मुभा आहे तेथेच बातमीला मोल येते, हे सूत्र प्रत्येकाने आपल्या पिकास लावून पाहावे.

आणि रस्ताच बंद झाला तर? जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार हा भाग जलमय झाला, रुळांवर पाणी आल्याने लोकल बंद पडल्या आणि अनेक ठिकाणचा वीजपुरवठा तुटला. त्या दिवसांत दादरचा भाव कितीही चढा असता तरी वसईच्या फुलांना त्याचा उपयोग नव्हता. आणि वीज नसल्यामुळे फोनदेखील थोड्याच वेळात मुके झाले. रस्ता, रेल्वे, वीज, गोदाम आणि सहकारी विक्री यांची जागा मोबाइल घेत नाही. ही कामे जेथे झाली आहेत तेथे तो त्यांना धार आणतो, एवढेच.

१९५६ चा धडा

नवे साधन आले की जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. आकाशवाणीच्या बाबतीतही तसेच झाले होते. खेड्याला रेडिओ दिला म्हणजे शेतीचे ज्ञान वाढेल काय, याची परीक्षा याच मराठी मुलखात झाली. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापिली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी सुमारे वीस माणसे रेडिओभोवती जमत. कार्यक्रम संपताच घरी न जाता ती ऐकलेल्या विषयावर चर्चा करीत, आपल्या गावी काय करता येईल ते ठरवीत आणि राहिलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे दिली जात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या प्रयोगाचे मूल्यमापन झाले. श्रोतृमंडळे असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडल्याचे आढळले. उलट, ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे भर पडली ती अगदी किरकोळ. रेडिओ तोच आणि कार्यक्रम तेच. फरक पडला तो ऐकल्यानंतर वीस माणसे अर्धा तास अधिक बसल्यामुळे.

आज आपण या प्रयोगाच्या उलट दिशेने निघालो आहोत की काय, अशी शंका येते. रेडिओ गावात एक होता, म्हणून त्याने माणसे जमविली. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात वेगळा, म्हणून प्रत्येक जण एकटा ऐकतो, एकटा वाचतो आणि एकटाच निर्णय करतो. मोबाइलचा खरा धोका यातच आहे. आणि हा धोका बाजारभावापुरता राहत नाही. समाजाची शांतता व लोकशाहीचा कारभार यांच्यापर्यंत तो पोहोचतो.

एकट्याने ऐकलेली अफवा

आफ्रिकेतील केनिया या देशाचे उदाहरण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. मार्च २००७ मध्ये तेथे ‘एम-पेसा’ ही फोनवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली. नैरोबीत मजुरी करणारा माणूस गावी असलेल्या आईस पैसे पाठवू लागला. तवनीत सुरी व विल्यम जॅक यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे देशातील सुमारे २ टक्के कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. मात्र हे यश एकट्या फोनचे नव्हते. गावोगावचे छोटे दुकानदार या सेवेचे प्रतिनिधी होते. फोनवर आलेला आकडा घेऊन त्याबदली रोख रक्कम हातावर ठेवणारा ओळखीचा माणूस तेथे उभा होता, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवडणूक झाली, निकालावरून तंटा उद्भवला, आणि त्याच फोनवरून जमातीजमातींत द्वेष पेटविणारे संदेश फिरू लागले. त्या संदेशांच्या मागे कोणी ओळखीचा माणूस नव्हता. हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मरण पावली.

परक्या देशाकडे बोट दाखविण्याचे मात्र आपणांस कारण नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात फोनवरून पसरल्या होत्या. ही मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली. अनोळखी माणूस गावात आला तर त्याची शांतपणे विचारपूस जेथे व्हावयाची, त्याच खोलीत त्यांचे प्राण गेले. आपल्या पालघर जिल्ह्यातही १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. त्या भागातही चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा आधीपासून पसरल्या होत्या.

जुलै २०१८ नंतर व्हॉट्सअपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास भारतात मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. हे योग्यच झाले. परंतु कंपनीने घातलेली मर्यादा ही गावाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. ज्या गावात रात्री आलेल्या संदेशाबद्दल पोलीस पाटलास, शिक्षकास किंवा सरपंचास विचारण्याची रीत आहे, तेथे अफवा उंबरठ्यावरच अडते. ही रीत पाडणे हेही विकासाचेच काम होय.

ज्याच्यापाशी फोन नाही त्याचे काय?

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. शासनाच्या अनेक योजनांचा मार्ग आता मोबाइलमधून जातो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे व नोंद करावयाची असते. पीएम-किसानची ओळख-पडताळणी आणि अनेक अनुदानांचे अर्ज यांसाठी फोनवर येणारा ओटीपीचा अंक लागतो. या पद्धतीने कारभार स्वच्छ व जलद होण्यास मदत झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या सातबाऱ्यावर कोणते पीक लागले हे शेतकऱ्यास घरबसल्या कळू लागले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु वसई तालुक्यातच महामार्ग ओलांडून पूर्वेस भाताणे, मेढे, पारोळ या बाजूस गेले की चित्र पालटते. डोंगराच्या कुशीतील पाड्यावर फोनला आवाज मिळण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. कागदावर नोंदविलेला क्रमांक पुष्कळदा मुलाचा असतो, आणि तो मुलगा वसईच्या कारखान्यात पाळीवर असतो. ओटीपी त्याच्या खिशात येतो, आणि बाप इकडे केंद्रासमोर बसून राहतो. भातलावणीपासून मळणीपर्यंतची निम्म्याहून अधिक कामे ज्या स्त्रिया करतात त्यांची स्थिती आणखी बिकट आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरावयास फोन असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के होते. म्हणजे बियाणे निवडणारी, रोप उपटणारी, कीड सर्वांत आधी पाहणारी जी बाई, तिच्यापर्यंत आपला पीकसल्ला पोहोचला की नाही हे तिच्या नवऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते.

म्हणून मोबाइल हा योजनेकडे जाण्याचा एक मार्ग असावा. एकमेव मार्ग असू नये. ज्याच्यापाशी फोन नाही त्याच्याकडे कार्यकर्त्याने चालत जावे. तोच शेतकरी सर्वांत गरजू असण्याचा संभव अधिक आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

केवळ मत मांडून थांबणे विस्तारकार्यात शोभत नाही. पुढील गोष्टी विशेष खर्चाशिवाय करता येण्याजोग्या आहेत.

१. हवामानावर आधारित कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्यांपैकी एका सायंकाळी गावात किंवा पाड्यावर पंधरा-वीस जणांनी जमावे. एकाने सल्ला मोठ्याने वाचावा, इतरांनी आपल्या शेताशी तो ताडून पाहावा, आणि काय करावयाचे ठरले ते वहीत तीन ओळींत लिहावे. या बैठकीस स्त्रिया असल्याच पाहिजेत; त्यांच्या सोयीचीच वेळ ठेवावी.

२. निरोप दोन्ही दिशांनी वाहिला पाहिजे. बैठकीत न सुटलेला प्रश्न किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून विचारावा. कीड-रोगाचे छायाचित्र कार्यकर्त्यास पाठविताना पानाची वरची व खालची अशा दोन्ही बाजू आणि संपूर्ण झाड दाखवावे. लक्षण केव्हा दिसले व आधी काय फवारले तेही सांगावे. कोणी पुढे ढकललेल्या संदेशातील औषध विचारल्याशिवाय फवारू नये.

३. माल विकणाऱ्या पाच-दहा जणांनी मिळून भावाची चौकशी करावी आणि मिळूनच वाहतूक ठरवावी. एकट्याने कळलेला भाव सौद्यात फारसा कामास येत नाही. दहा जणांचा माल एकत्र असेल तर तोच भाव मागता येतो.

४. ई-पीक पाहणीच्या मुदतीत तरुणांनी पाड्यापाड्यावर फिरावे. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्याच्यापाशी फोन आहे त्याने शेजाऱ्याच्या बांधावर एक फेरी मारली तर त्या शेजाऱ्याचे वर्ष वाचेल.

५. ज्या संदेशावर पाठविणाऱ्याचे नाव, गाव व तारीख नाही तो पुढे पाठवू नये. अनोळखी व्यक्तीविषयी शंका आल्यास पोलीस पाटलास सांगावे किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जमाव करू नये. ओटीपी कोणासही सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

६. कार्यकर्त्यांस एक विनंती. किती जणांस संदेश पाठविले हा आकडा अहवालात सहज भरता येतो, परंतु तो कामाचा दाखला नव्हे. त्याऐवजी गावाकडून किती प्रश्न आले, त्यांपैकी कितींचे उत्तर दिले आणि त्यावरून किती शेतांत बदल झाला, हे वहीत लिहावे. प्रश्न येईनासे झाले की आपला संदेश कोणी ऐकत नाही असे समजावे.

शेतकरी बंधु-भगिनींनो, मोबाइल टाकून देण्याचे दिवस आता नाहीत आणि तसे करणे हिताचेही नाही. त्याने दूरच्या लेकराचा आवाज घरात आणला, वादळाची सूचना अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात वेळेवर पोहोचविली, आणि कचेरीचे हेलपाटे कमी केले. परंतु पाऊस किती येणार हे फोन सांगेल. पेरणी आज करावयाची की दोन दिवस थांबावयाचे, हे आपली जमीन ओळखणाऱ्या चार माणसांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल. त्या बैठकीसाठी आपल्या गावचा एक वार या आठवड्यातच ठरवावा, आणि तो आपल्या कृषी कार्यकर्त्यास कळवावा. त्याने तेथे हजर राहावे, ही त्याची जबाबदारी आहे.